घरात कुत्रा-मांजर असताना पाळणाघर कसं चालवावं

चौकशीला आलेले आईबाबा दारात उभे असतात, आतून कुत्रा भुंकतो आणि आपण पटकन म्हणून जातो, "काही करत नाही हो तो." घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या आणि कुत्रा पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीच्या तोंडून हे वाक्य कधी ना कधी निघालेलं असतं. ते खोटंही नसतं. तो आपल्याला काही करत नाही, आपल्या मुलांना करत नाही. पण पाच-सहा परकी मुलं, त्यांचं रडणं, धावणं, अंगावर पडणं, शेपटी ओढणं आणि तेही रोज आठ-दहा तास, याची परीक्षा त्याने कधी दिलेलीच नसते. लहान मुलांना होणारे बरेचसे चावे रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्यांचे नसून ओळखीच्या किंवा घरच्याच कुत्र्यांचे असतात.

पाळणाघर आणि पाळीव प्राणी एका घरात नांदू शकतात, हे मी अनुभवाने सांगते. त्यासाठी एक गोष्ट मनाशी पक्की हवी: नजरेवर नाही, दारावर भिस्त ठेवायची. "माझं लक्ष असतं" हे पुरेसं नाही. एका बाळाचा डायपर बदलताना, दुसऱ्याला भरवताना, तिसऱ्याचं शेंबडं नाक पुसताना नजर हटणारच. लावलेलं दार तसं हटत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती आहेत.

पहिली पायरी: आधी आपला प्राणी पारखा

पाळणाघराची पाटी लावण्याआधी निदान महिनाभर कुत्र्याकडे परक्या माणसाच्या नजरेने बघा. जेवताना कुणी जवळ गेलं की त्याचं अंग ताठ होतं का? खेळणं तोंडात असताना गुरगुरतो का? धावणाऱ्या मुलामागे धावत सुटतो का? मूल मोठ्याने रडलं की अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालतो का? म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे दुखत असतात आणि दुखऱ्या जागी हात पडला की गरीब कुत्राही दात दाखवतो. कुत्रा पूर्वी कुणाला चावलेला असेल, तर पाळणाघराच्या वेळात तो त्या घरात नसावा. इथे मी तडजोड सुचवणार नाही.

मांजराचं गणित सोपं असतं. गलका सुरू झाला की ते स्वतःच दिसेनासं होतं. ओरबाडतं ते बहुतेक वेळा कोपऱ्यात अडकल्यावर. त्यामुळे त्याला उंचावर जागा आणि निसटायला वाट असली की अर्धं काम झालं. सशाच्या बाबतीत धोका उलट्या दिशेचा आहे: मुलाने चुकीचं उचललं आणि सशाने लाथा झाडल्या तर त्याचा कणा मोडू शकतो. ससा मुलांच्या हातात देऊच नका. पोपट चावतोच, शिवाय त्याच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून सिटॅकोसिस नावाचा फुप्फुसांचा आजार माणसाला होऊ शकतो, म्हणून त्याचा पिंजरा मुलांच्या खोलीत नको.

कासव, पाल-सरड्याच्या जातीचे प्राणी, बेडूक आणि कोंबडीची पिल्लं यांच्याबद्दल जरा कडक राहा. वरून अगदी निरोगी दिसत असतानाही त्यांच्या अंगावर जुलाब-ताप आणणारे साल्मोनेला जंतू असू शकतात आणि पाच वर्षांखालच्या मुलांनी त्यांना हातच लावू नये, असा आरोग्यतज्ज्ञांचा सल्ला असतो. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. लहान मुलं ती थेट तोंडात घालायची, हे त्यामागचं एक कारण. मासे त्यातल्या त्यात निरुपद्रवी, पण टाकी भिंतीला घट्ट बांधलेली, झाकण बंद आणि वायर मुलांच्या हाताबाहेर हवी.

दुसरी पायरी: पशुवैद्याकडे जा आणि फाइल तयार करा

कुत्र्या-मांजरांना रेबीजची पहिली लस साधारण बारा आठवड्यांच्या वयानंतर देतात, वर्षाने दुसरी, पुढे लशीच्या प्रकाराप्रमाणे दरवर्षी किंवा तीन वर्षांनी. पहिली लस दिल्यावर संरक्षण तयार झालं असं मानायला २८ दिवस जावे लागतात, त्यामुळे पाळणाघर सोमवारी सुरू आणि लस शनिवारी, असं करू नका. लसीकरणाच्या नोंदींची एक प्रत पालकांना दाखवायला वेगळी ठेवा.

जंतांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण हीच गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. कुत्र्या-मांजरांच्या गोल जंतांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ताजी असताना ती बाधत नाहीत. मातीत दोन ते चार आठवडे राहिली की बाधक होतात. मग मूल मातीत खेळतं, बोट तोंडात घालतं आणि अंडी पोटात जातात. म्हणजे विष्ठा रोज उचलली तर साखळी तिथेच तुटते. मांजराच्या विष्ठेतला टोक्सोप्लाझ्मा हा परजीवीही बाधक व्हायला एक ते पाच दिवस घेतो, म्हणून लिटरचा ट्रे, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी वाळू भरून ठेवलेला ट्रे, रोजच्या रोज साफ करायचा. हा परजीवी पोटातल्या बाळाला बाधू शकतो, म्हणून तुम्ही गरोदर असाल तर ते काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. अंगणात वाळूचा हौद असेल तर त्यावर झाकण हवंच, मांजराच्या दृष्टीने तो एक मोठा लिटर ट्रेच असतो.

पिसवा-गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध पाळणाघराच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी टाका, म्हणजे मुलं येईपर्यंत ते वाळून जिरलेलं असेल. पेर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं कुत्र्याचं औषध मांजराला विषारी असतं, तेव्हा दोन्ही पाळलेली असतील तर पशुवैद्याला विचारूनच निवडा. कच्च्या मांसाचा आहार देत असाल, तर पाळणाघर असेपर्यंत तो बंद करून शिजवलेल्यावर किंवा कोरड्या खाद्यावर या. कच्च्या मांसातले जंतू भांड्यांवर, ओट्यावर आणि कुत्र्याच्या तोंडाशी राहतात.

तिसरी पायरी: पालकांना पहिल्याच भेटीत सगळं सांगा

प्राणी दाखवा, तो दिवसभर कुठे असेल ती जागा दाखवा, नोंदी दाखवा. मुलाला दमा, अॅलर्जी, इसब किंवा प्राण्यांची भीती आहे का ते विचारा. मग हे सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पाळणाघराची नोंदणी किंवा विमा असेल तर तिथेही प्राणी असल्याचं लेखी कळवा. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी नेमकी उघडी पडते. ज्या पालकांना प्राणी नको असेल त्यांना समजावत बसू नका. त्यांचा नकार रास्त आहे.

चौथी पायरी: एका घराची दोन घरं करा

मुलांची झोपायची खोली, डायपर बदलायची जागा आणि स्वयंपाकघर इथे प्राण्याला पाळणाघराच्या वेळात प्रवेश नाही. बाळाच्या पाळण्यात उबेसाठी मांजर शिरतं, त्यामुळे झोपेच्या खोलीचं दार नुसतं ओढलेलं नाही, कडी लावून बंद हवं.

त्याचप्रमाणे प्राण्याचीही एक खोली असावी, जिथे कोणत्याही मुलाला प्रवेश नाही. अंथरूण, पाणी, चघळायला काहीतरी, शक्य असेल तर खिडकी. खोली नसेल तर घराचा एक भाग उंच फाटकाने तोडून घ्या. फाटक एकच असेल तर ते उघडं असण्याचा एखादा क्षण येतोच, म्हणून मुलं आणि कुत्रा यांच्यात दोन अडसर राहतील असं बघा: एक दार आणि एक फाटक. जिन्याच्या वरच्या टोकाला नुसतं दाबून बसवलेलं फाटक चालत नाही, ते भिंतीत स्क्रूने बसवा. मांजरासाठी फाटकाच्या पलीकडे उंच फळी लावा, ते स्वतःची वाट काढेल.

अन्नाचं भांडं, पाण्याचं भांडं, लिटर ट्रे, औषधं आणि प्राण्यांची खेळणी कायम त्यांच्याच भागात. रांगणाऱ्या बाळाला कोरड्या खाद्याचा एक दाणाही घशात अडकायला पुरे आहे. पाण्याच्या बादल्या भरून ठेवू नका, अगदी दोन-तीन सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

ही जागा कुत्र्याला शिक्षा वाटता कामा नये. पाळणाघर सुरू होण्याच्या काही आठवडे आधीपासून, घर शांत असतानाच, त्याला तिथे जेवण द्या, दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग दोन तास राहायची सवय लावा. मुलं आली त्याच दिवशी पहिल्यांदा कोंडलं तर तो दार ओरबाडत भुंकत राहील आणि तो आवाज तुम्हालाही सहन होणार नाही.

पाचवी पायरी: दिवसाचं वेळापत्रक

पहिलं मूल यायच्या आधी कुत्र्याला फिरवून, दमवून, खाऊ घालून त्याच्या जागी पोहोचवा. पूर्ण वाढलेला कुत्रा दिवसाकाठी साधारण बारा-चौदा तास झोपतो. सकाळी चांगला व्यायाम झाला, तर मुलांचा बराचसा वेळ तो झोपूनच काढतो.

सगळ्यात जोखमीची वेळ म्हणजे सोडण्या-नेण्याची. दार सतत उघडं-बंद, घंटा वाजते, पालक बोलत थांबतात, कुत्रा उत्तेजित झालेला. पहिल्या घंटेआधी कुत्रा आत आणि शेवटचं मूल गेल्यानंतरच बाहेर, हा नियम मोडू नका. दुपारी मुलं झोपली की कुत्र्याला थोडा वेळ अंगणात सोडायचं असेल तर घरात दुसरं मोठं माणूस हवं.

सहावी पायरी: मुलांना शिकवा, पण त्यावर विसंबू नका

तीन वर्षांखालच्या मुलांनी प्राणी फाटकाच्या पलीकडून बघावा, एवढंच. त्यांचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो, म्हणून लहान मुलांना चेहऱ्यावर आणि मानेवर चावे जास्त होतात. मोठ्या मुलांना तीन गोष्टी खेळातून शिकवा. झोपलेल्या, जेवणाऱ्या किंवा पिल्लांपाशी असलेल्या प्राण्याजवळ जायचं नाही. कुत्र्याला मिठी मारायची नाही. आपल्याला ती माया वाटते, बहुतेक कुत्र्यांना ती पकड वाटते. कुत्रा अंगावर धावून आला तर "झाड" व्हायचं: हात अंगाशी, नजर पायाकडे, अजिबात हालचाल नाही. मुलांना हे झाड व्हायला फार आवडतं, आणि रोज एकदा खेळलं की अंगवळणी पडतं.

भेट घडवायचीच असेल तर एका वेळी एकच मूल, कुत्रा पट्ट्यावर, पट्टा तुमच्या हातात, मुलाच्या हातात खाऊ नाही. मूल कुत्र्याकडे जात नाही, कुत्रा मुलाकडे येतो. खांद्यावर किंवा छातीवर दोन-तीन सेकंद हात फिरवायचा आणि थांबायचं. कुत्रा पुन्हा जवळ सरकला तर अजून एकदा. मान वळवली तर भेट संपली. आणि नंतर साबणाने वीस सेकंद हात धुवायचे, हे दरवेळी. सॅनिटायझरने जंतांची अंडी मरत नाहीत.

सातवी पायरी: कुत्रा काय सांगतोय ते ऐका

चावण्याआधी कुत्रा बहुतेक वेळा बरंच काही सांगून झालेला असतो. खायला काही नसताना ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, तोंड फिरवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत तिरका बघतो, शेपूट आत घेतो आणि शेवटी एकदम थिजतो. हे थिजणं सर्वांत गंभीर. शेपूट हलतेय म्हणजे तो खूश आहे, असं नसतं.

गुरगुरणाऱ्या कुत्र्याला रागावू नका, हे मी कळकळीने सांगते. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. ती मारून-ओरडून बंद केली की पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल. शांतपणे मुलाला बाजूला घ्या, कुत्र्याला त्याच्या जागी न्या आणि त्या दिवसापासून भेटी थांबवा. आठवडाभर खाणं कमी झालं, सतत धापा टाकू लागला, पंजे चाटत बसला, तर हे घर त्याला झेपत नाहीये. दिवसा त्याला नातेवाइकांकडे ठेवा किंवा मुलांची संख्या कमी करा.

आठवी पायरी: स्वच्छता

मांजराची अॅलर्जी केसांमुळे होते असं आपण समजतो, पण ती होते त्याच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनांमुळे. हे कण इतके हलके असतात की हवेत तरंगतात आणि मांजर घरातून गेल्यावरही काही महिने गाद्या-पडद्यांत राहतात. अॅलर्जी न देणारी अशी कोणतीच जात नाही, विकणारे काहीही म्हणोत. मुलांच्या खोलीत गालिचा, जाड पडदे ठेवू नका. मुलं येण्याआधी ओल्या फडक्याने फरशी पुसा, कारण कोरड्या झाडूने कण नुसते उडतात. मुलांच्या चादरी गरम पाण्यात वेगळ्या धुवा.

नववी पायरी: चावलं किंवा ओरबाडलं तर

आधी कुत्रा बंद करा, मग मूल हातात घ्या. जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावा, कारण रडणाऱ्या मुलासोबत दोन मिनिटंही पंधरा वाटतात. कोणताही घरगुती लेप लावू नका. पालकांना त्याच क्षणी फोन करा आणि जखम कितीही छोटी असली तरी डॉक्टरांकडे जा. मांजराचा चावा तर दिसतो टोचल्यासारखा, पण तो खोल जातो आणि चिघळतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की तो आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. त्यामुळे लस द्यायची की नाही हा निर्णय डॉक्टरांचा. "आमच्या कुत्र्याला लस दिलीय" म्हणून तो आपण घ्यायचा नाही. चावलेल्या प्राण्याला दहा दिवस नजरेखाली ठेवतात, त्या काळात तो कुणाला देऊन टाकू नका. काय घडलं, किती वाजता, कोण कुठे होतं, हे त्याच दिवशी लिहून पालकांना प्रत द्या, आपली चूक असली तरी.

दहावी पायरी: संध्याकाळी फाटक उघडण्याआधी

इतका वेळ मुलांना प्राण्यापासून जपलं, आता प्राण्याला मुलांच्या वस्तूंपासून जपायचं. शेवटचं मूल गेलं की फाटक लगेच उघडू नका. गुडघ्यांवर बसून फरशी बघा. छोटी खेळणी, मोजे, केसांचे रबर, बटण-सेल कुत्रा गिळतो आणि आतडं अडतं. वापरलेला डायपर फाडून खाल्ला तर त्यातला जेल पोटात फुगतो. मुलांच्या हातून सांडलेली द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य) घातलेला बिनसाखरेचा गोड पदार्थ कुत्र्याला विषारी आहे. डायपरच्या डब्याचं झाकण घट्ट लावा, टेबलाखाली झाडून घ्या, सोफ्याच्या फटीत हात घालून बघा. मग फाटक उघडा आणि त्याला बाहेर घ्या. दिवसभर वाट बघितलेली असते त्याने, तेव्हा पुढचा अर्धा तास फोन बाजूला ठेवून फक्त त्याच्यासाठी ठेवा.