दुसऱ्यांदा थायरॉईडचं ऑपरेशन, नर्व्ह मॉनिटर लावून: भूल देणाऱ्याची यादी

संमतीपत्र, उपाशीपोट, रक्ताचे रिपोर्ट हे तुम्ही करताच, ते सोडते. जुन्या ऑपरेशनची नोंद मात्र मागून घ्या. नर्व्ह (स्वरतंतू हलवणारी) तेव्हा दिसली होती का, कुठे होती, हे त्यात असतं. आता तिथे सगळा वण असणार आणि नर्व्ह त्यातच कुठेतरी ओढली गेलेली.

आणि आधी लॅरिंगोस्कोपी, म्हणजे स्वरतंतू हलतात का ते बघणं, करून घ्याच. 'आवाज छान आहे की' यावर जाऊ नका. एक स्वरतंतू पहिल्या वेळीच बंद पडलेला असतो, दुसरा सांभाळून घेतो, आवाज ठणठणीत. अशा पेशंटची चालती बाजूही गेली तर प्रश्न आवाजाचा राहत नाही, श्वासाचा होतो.

श्वासाची नळी इलेक्ट्रोडवाली (नर्व्ह स्टिम्युलेट केली, म्हणजे तिला बारीक करंट दिला, की तंतू हलतो आणि इलेक्ट्रोड तो सिग्नल मॉनिटरवर देतात), आणि आत सहज जाईल त्यातली मोठी, म्हणजे इलेक्ट्रोड तंतूंना नीट टेकतात. लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) जेली नको, फवारा नको. लाळ साठली की सिग्नल पडतो, सक्शन करून घ्या. रिलॅक्संट (स्नायू सैल करणारं औषध) म्हणजे सक्सिनिलकोलीन, नाहीतर रोक्युरोनियमचा एकच छोटा डोस आणि हाताशी त्याचा उतारा सुगॅमाडेक्स. नंतर पुन्हा डोस नाही, स्नायू सैल तर सिग्नलही नाही. पेशंट हलतोय म्हणून सर्जन ओरडले तरी नाही, भूल खोल करा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. नळी घातली, व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने पाहिली, रंगीत पट्टा बरोबर तंतूंमध्ये, चिकटपट्टी लावली. मग खांद्यांखाली उशी सरकवून मान मागे वाकवली. आता नळी पुन्हा बघा. मान मागे गेली की नळी वर सरकते, थोडी फिरतेही, आणि इलेक्ट्रोड तंतूंवरून निसटतात. मी बघितली नव्हती. आधी पाहिलीय ना, म्हणून. घाईत व्हेगस (ही नर्व्ह जिच्यातून निघते ती मोठी नर्व्ह) तपासणंही 'नंतर बघू' झालं. थायरॉईडची एक बाजू काढून झाल्यावर स्टिम्युलेट केलं तर मॉनिटर चिडीचूप. नर्व्ह गेली असं धरून सर्जननी दुसरी बाजू न कापता सोडून दिली, आणि त्या वेळच्या माहितीवर ते बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी लॅरिंगोस्कोपीत दोन्ही तंतू मस्त हलत होते. त्या बाईंना उरलेल्या बाजूसाठी तिसऱ्यांदा टेबलावर यावं लागलं. माझ्या नळीपायी.

म्हणून मान वाकवल्यावर नळी बघा. ड्रेप (निर्जंतुक चादरी) पडायच्या आत. सर्जन हात धुऊन उभे असले तरी बघा, दोन मिनिटं थांबतील. उशी बदलली, डोकं हलवलं, तर परत बघा. स्क्रीनवर इम्पिडन्स (इलेक्ट्रोडच्या संपर्काचा विद्युत अडथळा) 5 किलोओहमच्या आत दिसतोय यावर समाधान मानू नका. इलेक्ट्रोड तंतू सोडून आजूबाजूच्या ओल्या भिंतीला टेकले तरी तो आकडा छानच दिसतो.

काही कापण्याआधी व्हेगस स्टिम्युलेट करा, 1 ते 2 मिलिअँपिअरवर. तो बाजूला कॅरोटिडपाशी असतो, बहुतेक वेळा वणाबाहेर. 500 मायक्रोव्होल्टच्या वर उत्तर आलं तर पुढे जा. नाही आलं तर आधी नळी बघा, मग मशीनला शिव्या द्या.

मध्येच सिग्नल 100 मायक्रोव्होल्टच्या खाली गेला तर सर्जनना ओढ सैल करायला सांगा. क्रिकॉइडच्या (स्वरयंत्राच्या खालच्या कूर्चेच्या) मागे बोट ठेवून स्टिम्युलेट करायला लावा: स्नायू उडाला तर नर्व्ह शाबूत आहे, नळी हललीय. दुसऱ्या बाजूचा व्हेगसही गप्प असेल तरी नळीच, किंवा वायर. कॉटरी (विजेवर कापणारं, रक्त थांबवणारं यंत्र) चालू असताना मॉनिटर काही सांगत नाही, हे लक्षात ठेवा.

शेवटी व्हेगस परत, मग बाकी नेहमीचं. नंतरची लॅरिंगोस्कोपी लिहून ठेवा. सिग्नलचे आकडे डिस्चार्जच्या कागदावर घाला, पुढे कोणी ती मान पुन्हा उघडली तर त्याला लागतील.