पूर्व परीक्षेच्या रात्री कटऑफचा अंदाज कसा बांधायचा

28 मे 2023. यूपीएससीच्या नागरी सेवेची पूर्व परीक्षा देऊन सदाशिव पेठेतल्या खोलीवर आले आणि गुण मोजले. 79 भरले. त्याच रात्री एका क्लासच्या व्हिडिओत ऐकलं, ओपनचा कटऑफ, म्हणजे पुढच्या फेरीसाठी लागणारे किमान गुण, 90 च्या आसपास जाईल, 85 च्या खाली असाल तर पुढच्या वर्षाचं बघा. मी पुस्तकं खोक्यात भरली आणि बार्शीला घरी गेले. 12 जूनला निकाल लागला, यादीत माझा नंबर होता. त्या वर्षीचा ओपनचा कटऑफ पुढे जाहीर झाला तो 75.41. मेन्स, म्हणजे मुख्य परीक्षा, 15 सप्टेंबरला सुरू होणार होती आणि तिच्या तयारीतले पंधरा दिवस मी रडण्यात घालवले होते. आता अभ्यासिकेत नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हा हिशेब बसवून शिकवते.

सुरुवात परीक्षेच्या हॉलमध्येच होते. प्रश्नपत्रिका घरी आणता येते, ओएमआर म्हणजे गोळे काळे करायची उत्तरपत्रिका नाही. म्हणून गोळा काळा केला की लगेच प्रश्नपत्रिकेत त्याच पर्यायावर खूण करा. घरी आल्यावर ‘बहुधा बी केलं होतं’ असं वाटेल, तो प्रश्न सरळ चूक धरा.

जीएस म्हणजे सामान्य अध्ययनाचा पहिला पेपर, कटऑफ याच गुणांवर लागतो. त्याचे 100 प्रश्न. बरोबरला 2 गुण, चुकलं तर त्याचा एक तृतीयांश वजा, म्हणजे 0.67. समजा 82 सोडवले, 51 बरोबर, 31 चूक. 102 मधून 20.67 गेले, उरले 81.33. इथे थांबू नका. वेगवेगळ्या क्लासच्या दोन-तीन उत्तरतालिका समोर ठेवा आणि ज्या प्रश्नांवर त्यांचं एकमत नाही ते बाजूला काढा. एक उत्तर बरोबरचं चूक ठरलं की 2.67 गुण जातात, कारण मिळालेले 2 तर जातातच, वर दंडही बसतो. तुमच्या 51 मध्ये वादाचे 6 असतील तर त्यातले निम्मे चुकले असं धरा. 8 गुण गेले. म्हणजे तुम्ही 73 ते 81 मध्ये आहात. वहीत हे दोन्ही आकडे लिहा.

मग सीसॅट, म्हणजे आकलन आणि गणिताचा दुसरा पेपर, यात फक्त पास व्हायचं असतं. 80 प्रश्न, 2.5 गुणांचा एक, आणि 200 पैकी 33 टक्के लागतात. 35 बरोबर आणि 24 चूक असतील तर 87.5 वजा 20, म्हणजे 67.5. काठावर पास. हा पेपर अडला तर जीएसमध्ये 120 असूनही उपयोग नाही, म्हणून तो आधी कडक हाताने तपासा.

आता कटऑफ. ओपनचे आकडे पाहा: 2020 ला 92.51, 2021 ला 87.54, 2022 ला 88.22, 2023 ला 75.41, 2024 ला 87.98. लोक जागा मोजत बसतात. पण 2023 ला पूर्वमधून 14,624 जण पुढे गेले आणि 2024 ला 14,627. जवळजवळ तेवढेच, तरी कटऑफ साडेबारा गुणांनी वर गेला. फरक पेपरने पाडला. 2023 च्या जीएसमध्ये ‘वरीलपैकी किती विधाने बरोबर’ या धाटणीचे प्रश्न भरपूर होते, पर्याय गाळून उत्तर काढायची सोयच नव्हती. त्यात सीसॅट इतका अवघड की जीएसचे चांगले चांगले गडी तिथेच गळाले. सीसॅट जितका चाळतो, तितका जीएसचा कटऑफ खाली येतो.

पेपर किती अवघड होता हे मोजायला टेलिग्रामवरचे पोल घेऊ नका. ज्याला 60 पडले तो तिथे मत द्यायला जात नाही. मी अभ्यासिकेतले असे लोक धरते ज्यांनी गेल्या वर्षीही पेपर दिला होता. 2024 ला चौदा जण मिळाले. प्रत्येकाचे गेल्या वर्षीचे आणि या वर्षीचे गुण शेजारी शेजारी मांडले, फरक चढत्या क्रमाने लावले आणि मधला घेतला: 13 गुणांनी वर. यातले दोन-तीन गुण त्यांच्या वर्षभराच्या अभ्यासाचे, म्हणून कमी केले. सीसॅटमध्ये त्या वर्षी चौदातला एकच अडकला होता, म्हणजे स्पर्धेत माणसं जास्त उरणार, म्हणून वरची बाजू थोडी ताणली. 75.41 वरून माझा अंदाज 84 ते 89 निघाला.

प्रवर्गाचा फरक दर वर्षी सारखाच राहील असं धरू नका. ओबीसीचा कटऑफ 2022, 2023 आणि 2024 ला ओपनच्या फक्त 0.66 ते 0.70 खाली होता, म्हणजे एका चुकीच्या उत्तराचा दंड. पण 2021 ला तो 2.69 खाली होता. ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटक) 2023 ला 7.39 खाली, 2024 ला 2.06.

शेवटी दोन पट्ट्या जुळवा. तुमचा वरचा आकडा कटऑफच्या खालच्या आकड्याला नुसता टेकला तरी मेन्सचा अभ्यास सुरू करायचा. अंदाज 78 ते 84 असेल आणि तुम्ही 73 ते 81 मध्ये असाल, तर सोमवारी सकाळी वैकल्पिक विषयाची वही उघडा. पुस्तकं खोक्यात भरायची असतील तर निकालाची पीडीएफ डोळ्यांनी पाहिल्यावरच भरा.