किलीफिशची अंडी केवळ तारीख पाहून भिजवू नका: मराठवाड्यातील मत्स्यपालकांनी टाळाव्यात अशा चुका

किलीफिश हे छोटे, रंगीत शोभेचे मासे पाळू लागलेल्या मंडळींच्या तक्रारी ऐकल्या, की बहुतेकींच्या मुळाशी उतावीळपणाच सापडतो. त्यातील सर्वांत महागडी चूक अंड्यांच्या बाबतीत होते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

नोथोब्रँकियस गुंथेरी हा झांझिबारच्या हंगामी डबक्यांतील मासा आहे. डबके आटले की मोठे मासे मरतात. चिखलातील अंडी मात्र कोरडा काळ सुप्तावस्थेत काढतात आणि पाऊस झाल्यावर फुटतात. घरी आपण अंडी असलेले पीट (कुजलेल्या शेवाळाचा भुसभुशीत भुसा) पिळून, पिशवीत बंद करून हाच काळ घडवतो. अंडी सांभाळण्याच्या तक्त्यांत या जातीसाठी सुमारे १२ आठवडे दिलेले असतात, पण तो आकडा साधारण २४-२५ अंश सेल्सिअस तापमानाचा आहे, हे लक्षात घेण्याइतका धीर फार थोडे जण धरतात. परभणीत हिवाळी रात्री पारा १० अंशांखाली उतरतो आणि मे महिन्यात दुपारी ४० च्या वर चढतो. थंडीत गर्भाची वाढ रेंगाळते, उष्णतेत ती झपाट्याने होते, आणि अतिउष्णतेत अंडी मरतात.

हिंगोलीच्या एका तरुणाने दिवाळीनंतर अंड्यांची पिशवी मागवून पत्र्याच्या खोलीत ठेवली आणि १२ आठवडे भरताच एकही अंडे न तपासता पीट भिजवले. मोजकीच पिल्ले निघाली, आणि तीही तळाशी पोट घासत सरपटणारी, कारण त्यांच्या वाताशयात, म्हणजे माशाला तरंगत ठेवणाऱ्या पोटातील पिशवीत, हवा भरलेली नव्हती. अशी पिल्ले सहसा सुधारत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे अंडी निकृष्ट होती असे ठरवून त्याने उरलेले पीट जास्वंदीच्या कुंडीत ओतले. विक्रेत्याविरुद्ध तक्रार सांगण्यासाठी त्याचा फोन आला, तेव्हा मी त्याला तो वरचा थर लगेच उचलून, पिळून, पुन्हा पिशवीत भरायला लावले. काही आठवड्यांनी त्याच पिटातील अंड्यांत डोळे दिसू लागले आणि दुसऱ्या भिजवणीत धडधाकट पिल्ले मिळाली. सगळी अंडी एकदम न फुटणे हा या माशांचा स्वभावच आहे, कारण पहिला पाऊस फसवा ठरला तर उरलेल्या अंड्यांवर वंश टिकतो. म्हणून पहिल्या भिजवणीनंतर पीट कधीही फेकू नये.

माझी पद्धत साधी आहे. पीट मळलेल्या तंबाखूइतकेच ओलसर ठेवतो, पिशवीवर जात आणि तारीख लिहितो, अधूनमधून काही अंडी भिंगाखाली पाहतो आणि सोनेरी कडेचे डोळे स्पष्ट दिसल्यावरच १८-२० अंशांच्या गार पाण्यात पीट भिजवतो. पिटाऐवजी कोकोपीट वापरायचे असेल, तर त्यातील क्षार निघून जाईपर्यंत ते उकळून, अनेक पाण्यांनी धुऊन घ्यावे.

दुसरी चूक उन्हाळ्यातील पाण्याची. पंखा लावून टँक गार ठेवणे योग्यच आहे. आपल्याकडील कोरड्या हवेत त्याने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. परंतु आटलेले पाणी बोअरच्या पाण्याने भरत राहिल्यास मूळचे क्षार टँकमध्येच राहतात आणि त्यांत नव्यांची भर पडते. मासे मलूल झाले की लोक औषधाच्या बाटल्या ओततात, पण पाण्याचे क्षार मोजत नाहीत. आटलेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने करावी आणि पाणी बदलताना बोअरचे व आरओचे पाणी मिसळून वापरावे. निव्वळ आरओच्या पाण्यात मासे ठेवणे हा मात्र आळशी उपाय आहे, आणि नोथोब्रँकियसला तो मानवत नाही. या माशांना व्हेल्व्हेट हा परजीवींमुळे होणारा रोग लवकर जडतो; पाण्यातील थोडे जाड मीठ त्याला आळा घालते.

झाकणात फट ठेवू नये, कारण किलीफिश उड्या मारतात. एका नरासोबत किमान दोन माद्या ठेवाव्यात. निरनिराळ्या जातींच्या माद्या एकत्र ठेवू नयेत. त्या इतक्या सारख्या दिसतात की पुढे ओळखता येत नाहीत.

नवख्यांनी रंगाला भुलून नोथोब्रँकियसने सुरुवात करू नये, असे माझे ठाम मत आहे. त्याऐवजी पश्चिम आफ्रिकेतील गार्डनेरी हा किलीफिश घ्यावा; तो लोकरीच्या मॉपवर (पाण्यात सोडलेल्या धाग्यांच्या झुपक्यावर) अंडी घालतो आणि ती पाण्यातच साधारण दोन-तीन आठवड्यांत फुटतात. पांढरी पडलेली अंडी रोज वेचून काढावीत, आणि पिल्ले पोहू लागताच त्यांना अंड्यांतून ताजी फुटलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातील अगदी बारीक कोळंबीसारखे जीव) द्यावी. उकडलेल्या अंड्याचा बलक हा सोपा पर्याय म्हणून सांगितला जातो, पण त्याने छोट्या टँकमधील पाणी एका रात्रीत नासते.