निविदेतलं संगनमत असं पकडा
मानेवाड्यातल्या सिमेंट रोडचं काम कुणाला गेलं, हे पाहायचं असेल तर महाटेंडर्स या राज्य सरकारच्या निविदा पोर्टलवर 'टेंडर स्टेटस' उघडा. निविदा कुणी भरली, तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे दर उघडण्याआधीच्या पात्रतेच्या छाननीत, कोण बाद झालं, दर काय लावले, ते तिथे कळतं. निविदा भरणाऱ्या तिघांचे दर अगदी चिकटून असले की त्यांनी आपसात आधीच ठरवून घेतल्याचा, म्हणजे संगनमताचा, संशय घ्या. मग माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा आणि मूळ कागद स्वतः बघा. तिघांचे कागद एकाच हातून तयार झाल्याच्या खुणा शोधा: लागोपाठ नंबरचे डीडी, टायपिंगच्या त्याच त्या चुका! एकदा तिन्ही शपथपत्रांत 'कंत्राटदार' सारखंच चुकलेलं दिसलं, आणि फार संताप आला. असं संगनमत स्पर्धा अधिनियम २००२ च्या कलम ३ चा भंग ठरतं. काम केंद्र सरकारचं असेल तर सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम १५१ तक्रारीत लिहाच. निविदेतले सचोटीचे नियम मोडणाऱ्याला त्याखाली २ वर्षांपर्यंत निविदांतून बाद करता येतं.