पोस्टफिक्स अपग्रेडनंतर ऑफिसचे मेल अडकले तर

पोस्टफिक्स म्हणजे मेल घेणारं आणि पुढे पाठवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर. ते अपग्रेड केल्यावर बाहेरून मेल येताहेत, पण प्रिंटरचे स्कॅन आणि हिशोबाच्या सॉफ्टवेअरची बिलं कुठेच पोहोचत नाहीत. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘सर्व्हर रीस्टार्ट करा’. त्याने काहीही होत नाही, कारण दोष सेटिंगमध्ये असतो.

आधी ‘सॉफ्ट बाउन्स’ ही सेटिंग चालू करा; ती कायमच्या नकाराचा तात्पुरता नकार करते. त्यामुळे मेल परत न फिरता रांगेत थांबतात. रांगेची मुदत मुळात ५ दिवसांची असते, म्हणजे घाई नको.

मग लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, नकाराची ओळ शोधा. बहुतेक वेळा ती ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ असते, म्हणजे दुसऱ्याचा मेल पुढे पाठवायला (रिले करायला) नकार. तिचा क्रमांक ५५४ किंवा ४५४ असतो. सॉफ्ट बाउन्स चालू असेल तर ४५४च दिसेल.

खरी गोम इथे आहे. २०१५ साली आलेल्या ३.० आवृत्तीने काही सेटिंगांची मूळ मूल्यं बदलली. पूर्वी ‘मायनेटवर्क्स’ (ज्या यंत्रांचे मेल पुढे पाठवायचे त्यांच्या नेटवर्क्सची यादी) लिहिलेलं नसलं तरी सर्व्हर सबनेटमधल्या, म्हणजे त्याच स्थानिक नेटवर्कच्या भागातल्या, सगळ्या यंत्रांचे मेल पुढे पाठवायचा. नव्या नियमात तो फक्त स्वतःचे पाठवतो. जुन्या सेटिंग-फाइली चालत राहाव्यात म्हणून ‘कॉम्पॅटिबिलिटी लेव्हल’ नावाची सेटिंग ठेवलेली आहे. ती वाढवली नाही तर जुनं वागणं टिकतं आणि लॉगमध्ये सूचना येत राहतात. त्या सूचना बंद करायला कुणीतरी लेव्हल २ करतं आणि त्या क्षणी प्रिंटर परका ठरतो!

म्हणून त्या सूचना आधी नीट वाचा. प्रत्येक ओळीत सेटिंगचं नाव असतं. ते फाइलमध्ये स्पष्ट लिहा, मगच लेव्हल वाढवा. ‘मायनेटवर्क्स’मध्ये ऑफिसची नेटवर्क्स स्वतः लिहावीत, हे माझं ठाम मत आहे. तपासताना ‘पोस्टकॉन्फ -एन’ या कमांडवर विसंबू नका, ते फक्त फाइलमध्ये लिहिलेलं दाखवतं. ‘पोस्टकॉन्फ मायनेटवर्क्स’ दिल्यावर प्रत्यक्ष लागू असलेलं मूल्य कळतं.

आणि काहीही झालं तरी ‘मायनेटवर्क्स’मध्ये ०.०.०.०/० (म्हणजे इंटरनेटवरचे सगळे पत्ते) टाकू नका. अडचण मिनिटात सुटल्यासारखी वाटते, पण सर्व्हर जगभरच्या स्पॅमवाल्यांना खुला होतो. मग ब्लॅकलिस्टमध्ये नाव जातं आणि ऑफिसचे खरे मेलही बाहेर कुणी घेत नाही.

मेलबॉक्स दुसऱ्या सर्व्हरवर गेलेल्या सहकाऱ्यांसाठी ‘५५० युजर अननोन’ येत असेल, तर त्यांचं डोमेन ‘मायडेस्टिनेशन’मध्ये, म्हणजे ज्यांचे मेल याच सर्व्हरवर ठेवायचे त्या डोमेनांच्या यादीत, राहिलं आहे. तिथे असेपर्यंत सर्व्हर एमएक्स नोंद (डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरकडे जातात ते सांगणारी) बघतच नाही. ते काढा.

‘पोस्टफिक्स चेक’ने सेटिंग तपासा, मग रीलोड करा. प्रिंटरवरून एक मेल पाठवून बघा. बाहेरच्या नेटवर्कवरून रिले करायचाही प्रयत्न करा. तो नाकारला गेलाच पाहिजे. अडलेले स्कॅन पुन्हा पाठवायला सांगा, कारण प्रिंटर आपणहून पुन्हा प्रयत्न करेलच असं नाही. शेवटी सॉफ्ट बाउन्स बंद करा, नाहीतर चुकीच्या पत्त्यावर मेल पाठवणाऱ्याला दिवसचे दिवस काही कळत नाही.