पिंग जातो, पण फाइल अडकते? आधी एमटीयू बघा

दोन व्हर्च्युअल मशीन एकमेकांना पिंग करतात, एसएसएचचा (दुरून लॉगिन करायच्या सेवेचा) पोर्टही उघडा दिसतो, पण लॉगिन मध्येच लटकतं किंवा मोठी फाइल कॉपी होता होता थिजते. अशा वेळी फायरवॉलचे नियम उकरत रात्र घालवू नका; आधी एमटीयू, म्हणजे एका वेळी जाऊ शकणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार, तपासा.

१. दोन्ही मशीन वेगवेगळ्या होस्टवर (त्यांना चालवणाऱ्या प्रत्यक्ष सर्व्हरवर) आहेत ना, ते आधी पाहा. एकाच होस्टवर असतील तर पॅकेट बोगद्यातून (व्हीएक्सलॅनने दोन होस्टमध्ये तयार केलेल्या आभासी वाटेतून) जातच नाही आणि सगळं ठीक वाटतं. इथेच बरेच जण फसतात.

२. ‘तुकडे करू नका’ हा पर्याय लावून १४७२ बाइटचा पिंग मारा. लिनक्सवर त्यासाठी ‘हायफन कॅपिटल एम, डू’; आकारासाठी ‘हायफन स्मॉल एस’.

३. तो अडला आणि १४२२ चा गेला, तर चोर सापडला: बोगद्यात शिरताना पॅकेटभोवती गुंडाळलं जाणारं व्हीएक्सलॅनचं वेष्टन ५० बाइट खातंय.

खरा उपाय म्हणजे होस्टचं नेटवर्क कार्ड, व्हर्च्युअल स्विच आणि मधले सगळे फिजिकल स्विच यांचा एमटीयू १६०० किंवा जास्त करणं. घाईत असाल तर मशीनच्या आतला एमटीयू १४५० करा, काम लगेच सुरू होतं.

मात्र खरा उपाय करताना वाटेतला एकही पोर्ट १५०० वर राहू देऊ नका. ट्रॅफिक त्या वाटेने गेलं की तीच तक्रार परत येते, तीही अधूनमधून, आणि मग शोधणं फार अवघड.