गावाच्या पाण्याचा ताळेबंद कसा मांडावा

महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील गावांत पाण्याची चर्चा बहुधा मार्चमध्ये, विहिरी तळाला गेल्यावर सुरू होते. त्या वेळी हिशेब करून काही हाती लागत नाही, कारण पाणी कोठे खर्च व्हायचे याचा निर्णय कांद्याची रोपे टाकताना आणि गव्हाचे बियाणे घरात आणताना, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच झालेला असतो. म्हणून ताळेबंद 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी तयार असावा. त्यासाठी भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. गुणाकार, वजाबाकी, वजन बांधलेला टेप आणि एक वही एवढ्यावर काम भागते.

या हिशेबामागे मोठे संशोधन आहे. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र 1933 मध्ये सुरू झाले आणि आज ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. अलीकडे आयआयटी मुंबईने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी, म्हणजे ‘पोकरा’साठी, दररोजचा पाऊस, मातीची खोली व पोत, उतार आणि पीक यांवरून पाणी कोठे वाहते, कोठे ओल म्हणून राहते आणि कोठे खाली झिरपते हे काढणारे प्रतिमान तयार केले. हिवरे बाजारने तर दरवर्षी ताळेबंद मांडून त्यावर पीक ठरवण्याची रीतच पाडली आहे. येथे सांगितलेली पद्धत यांपेक्षा ढोबळ आहे, पण ती गावाला स्वतः करता येते, आणि माझ्या मते स्वतः मोजलेल्या आकड्यावर गाव जितके भांडते आणि मग जितके मानते, तितके बाहेरून छापून आलेल्या तक्त्यावर मानत नाही.

पहिली पायरी : पाऊस

महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्राची नोंद कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर मिळते. मात्र एका मंडळात अनेक गावे असतात आणि वळवाचा किंवा परतीचा पाऊस एका शिवारात पडून शेजारचे शिवार कोरडे ठेवतो, हे कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. म्हणून शाळेच्या आवारात, झाडे आणि भिंतींपासून दूर, एक साधे पर्जन्यमापक बसवावे आणि रोज सकाळी साडेआठला मुलांकडून नोंद करून घ्यावी.

पावसाचे पाण्यात रूपांतर करण्याचे सूत्र एकच लक्षात ठेवावे : एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 घनमीटर, अर्थात 10,000 लिटर पाणी. उदाहरणासाठी 1,000 हेक्टरांचे, 2,000 लोकवस्तीचे एक गाव घेऊ. तेथे 450 मिलिमीटर पाऊस झाला, तर गावावर 45 लाख घनमीटर पाणी पडले. कार्यालयीन कागदांत हजार घनमीटरला ‘टीसीएम’ म्हणतात. त्या भाषेत हे 4,500 टीसीएम झाले. हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. यातील मोठा भाग मातीच्या ओलीतून पिके आणि गवत खरिपातच वापरून टाकतात, काही उडून जातो, काही ओढ्याने शिवाराबाहेर जातो. आपल्या हाती उरते ते विहिरींत आणि तलावांत.

दुसरी पायरी : विहिरी मोजणे

ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत टाळली जाणारी पायरी आहे. गावात शंभर विहिरी असल्या तरी शंभर मोजायची गरज नाही. ओढ्याकाठच्या, मधल्या पट्ट्यातील आणि माळावरच्या अशा मिळून दहा-पंधरा विहिरी निवडाव्यात, आणि त्या प्रत्येक वर्षी त्याच असाव्यात. विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करून तेथूनच टेप सोडावा, कठड्याची उंची वजा करावी आणि मोजणी सकाळी, मोटर चालू होण्यापूर्वी करावी; रात्रभर उपसा झालेल्या विहिरीची पातळी गावाची पातळी नसते. एक मोजणी मेअखेर आणि दुसरी सप्टेंबरअखेर केली की दोन्हींतील फरक म्हणजे पावसाळ्यात चढलेले पाणी. पहिल्या वर्षी मेची नोंद नसेल, तर मालकाला विचारावे. उन्हाळ्यात आपल्या विहिरीची कोणती पायरी उघडी पडली होती, हे तो सहसा विसरत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. आपल्या परिसरात तिची विहीर असेल, तर तिच्याशी आपले आकडे ताडून पाहावेत.

आता सगळा घोळ होतो ती जागा. विहिरीत पाणी तीन मीटर चढले म्हणजे शिवारात तीन मीटर पाणी आले असे नाही. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे आणि त्याच्या झिजलेल्या, भेगाळ थरात उपसता येण्याजोगे पाणी आकारमानाच्या साधारण दोन टक्केच असते. मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र, खडकात किंवा मुरमाड पट्ट्यात थोडे अधिक, अखंड काळ्या खडकात त्याहून पुष्कळ कमी. याचा अर्थ तीन मीटरांची चढ म्हणजे प्रत्यक्षात 60 मिलिमीटर पाणी. आपल्या उदाहरणातील गावात डोंगर आणि उघडा खडक वगळून 600 हेक्टर क्षेत्राखाली भूजल आहे असे धरले, तर 600 हेक्टर गुणिले तीन मीटर गुणिले 0.02, म्हणजे 360 टीसीएम. पडलेल्या पाण्याच्या हे केवळ आठ टक्के आहे. काठोकाठ भरलेली विहीर दिवाळीत जो भरवसा देते, तो होळीपर्यंत का टिकत नाही, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

बोअरचे पाणी वेगळे धरू नये. खोल थरांतही पाणी वरूनच जाते आणि ते भरायला अधिक काळ लागतो. 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने 60 मीटरांपेक्षा खोल विहिरींवर बंधने घातली ती याच कारणाने.

तिसरी पायरी : साठे

पाझर तलाव, सिमेंट बंधारे आणि नालाबांध यांची क्षमता कृषी किंवा जलसंधारण विभागाकडे मिळते. ती कागदावरची असते, म्हणून गाळ आणि बाष्पीभवन यांची वजावट मोकळ्या हाताने करावी. आपल्या गावाची नोंदलेली क्षमता 90 टीसीएम असेल, तर 60 धरणे शहाणपणाचे. प्लास्टिक अंथरलेली शेततळी मात्र जमेच्या बाजूला मुळीच लिहू नयेत, कारण त्यांतील बरीचशी विहिरीचे पाणी उपसून भरलेली असतात. ते पाणी एकदा विहिरीत मोजले आहे. आता ते फक्त सर्वांच्या खडकातून एकाच्या तळ्यात आणि पुढे उन्हात गेले आहे.

भूजलाचे 360 आणि साठ्यांचे 60 मिळून जमा झाली 420 टीसीएम. भूजलाचा सुमारे दहावा हिस्सा झऱ्यांवाटे ओढ्याला जातो असे धरून 36 वजा केले की 384 उरतात.

चौथी पायरी : आधी पिण्याचे

पिण्याचे आणि घरवापराचे पाणी दरडोई दररोज 55 लिटर, मोठ्या जनावराला 50 लिटर, शेळीला सहा लिटर धरावे. पुढचा पाऊस लांबू शकतो, म्हणून 300 दिवसांची तरतूद करावी. 2,000 माणसे, 800 गाई-म्हशी आणि 1,000 शेळ्या यांना मिळून सुमारे 47 टीसीएम लागतील. एवढेच. गावावर पडलेल्या पावसाच्या हे एक टक्क्याच्या आसपास आहे, आणि तरीही एप्रिलमध्ये टँकर येतो. ग्रामसभेत हा आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा. त्यावर फार भाष्य करण्याची गरज पडत नाही.

पाचवी पायरी : पिकांची मागणी

47 वजा केल्यावर 337 टीसीएम राहतात. त्यातील थोडे अंदाजातील चुकीसाठी बाजूला ठेवून पिकांसाठी 300 धरावेत. मागणी काढण्यासाठी ई-पीक पाहणीतील गेल्या वर्षीचे क्षेत्र घ्यावे आणि शेतकऱ्यांना यंदाचा बेत विचारावा. ऑक्टोबर ते जूनमधील पाण्याचे ढोबळ आकडे हेक्टरी असे धरता येतात : एका संरक्षित पाण्यावरची (ताण पडताना दिलेल्या एका पाळीवरची) रब्बी ज्वारी 0.7 टीसीएम, दोन पाण्यांचा हरभरा दीड, गहू चार, कांदा सहा आणि उभा ऊस सुमारे 14. विद्यापीठाच्या ‘कृषिदर्शनी’तून किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातून आपल्या जमिनीसाठीचे आकडे घेतल्यास उत्तम, राहुरीचे ‘फुले इरिगेशन शेड्यूलर’ हे मोबाईल ॲपही पाणी केव्हा व किती द्यावे ते सांगते.

समजा बेत आहे ज्वारी 200 हेक्टर, हरभरा 60, गहू 20, कांदा 40 आणि ऊस आठ. गुणाकार करून बेरीज केल्यास 662 टीसीएम येतात. हाती आहेत 300. खरी ग्रामसभा येथून सुरू होते.

कपात कोठे करायची याचा एक मार्ग असा : ज्वारीचे संरक्षित पाणी 100 हेक्टरांपुरते ठेवावे, हरभरा तसाच राहू द्यावा, गहू पाच, कांदा 15 आणि ऊस दोन हेक्टरांवर आणावा; मागणी 298 टीसीएम होते. उरलेली ज्वारी वाऱ्यावर सोडली असे मात्र नाही. राहुरी विद्यापीठाच्या कोरडवाहू संशोधनाचा गाभाच जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण निवडणे हा आहे : हलक्या जमिनीसाठी ‘फुले अनुराधा’ किंवा ‘फुले माउली’, मध्यम जमिनीसाठी ‘फुले सुचित्रा’, भारी काळ्या जमिनीसाठी ‘फुले वसुधा’. पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरदरम्यान साधली, तर भारी जमिनीतील ज्वारी साठलेल्या ओलीवरच पदरात पडते. ठिबकने कांदा-उसाचे पाणी निश्चित कमी होते, परंतु वाचलेल्या पाण्यावर क्षेत्र वाढवले तर ताळेबंदात काहीच वाचत नाही. ठिबकचा ठराव करताना क्षेत्राची मर्यादाही त्याच ठरावात लिहावी.

सहावी पायरी : वाटणी

आकडे मांडणे सोपे, कोणाचा ऊस कमी करायचा हे अवघड. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावपासून सत्तरच्या दशकात सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, तर माणसावर ठरवला : दरडोई अर्धा एकर, कुटुंबाला कमाल अडीच एकर, भूमिहीनांनाही वाटा आणि ऊस नाही. तो नियम जसाच्या तसा उचलणे प्रत्येक गावाला जमणार नाही, पण ‘सर्वांनी निम्मे कमी करा’ या फसव्या समतेपेक्षा तो न्याय्य आहे. दोन एकरवाल्याचा कांदा आणि वीस एकरवाल्याचा ऊस एकाच कात्रीने कापला, तर ठराव डिसेंबरपर्यंतही टिकत नाही. साताऱ्याच्या रंदुल्लाबादसारखी गावे सिंचनासाठी नवे बोअर न घेण्याच्या ठरावापासून सुरुवात करतात. ज्या गावात अजून एकमत नाही, तेथे ही पहिली पायरी झेपण्याजोगी आहे.

विद्यापीठाला गावात कसे आणावे

कृषी महाविद्यालयांचे अंतिम वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी पावसाळ्यात गावात येतात. या कृषिदूतांकडून आणि कृषिकन्यांकडून रांगोळीचा गावनकाशा काढून घेण्याऐवजी, निदान त्यासोबत, विहिरींची मोजणी आणि पीकपेऱ्याची पडताळणी करून घ्यावी. महाविद्यालयाला तसे पत्र ग्रामपंचायतीने मेमध्येच द्यावे. त्यांनी काढलेले आकडे त्यांच्या अहवालात जातील, पण मूळ वही ग्रामपंचायतीतच ठेवण्याची अट घालावी.

ठरावानंतर जानेवारीत त्याच विहिरी पुन्हा मोजाव्यात. चढलेल्या तीन मीटरांपैकी दोन मीटर उतरले असतील, तर उन्हाळी पीक कोणीही घेऊ नये, आणि पिण्याच्या विहिरीच्या आसपासचा उपसा त्याच आठवड्यात थांबवावा. मार्चची मोजणी टँकरची वेळ सांगते. मेअखेरची मोजणी, सगळे लग्नसराईत आणि पेरणीच्या तयारीत असले तरी, चुकवू नये. विहिरीचे नाव, तारीख आणि खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर वहीत लिहून ठेवावे, कारण सप्टेंबरअखेरची वजाबाकी त्याच आकड्यातून करायची असते.